खोक्यावरचा शब्द : ‘फ्रॅजाइल’

दिवाळीला अजून दहा-बारा दिवस होते. मोडनिंबच्या पेठेतील काचसामानाच्या एका दुकानापुढे सकाळीच टेम्पो येऊन उभा राहिला आणि माल उतरू लागला. हमालाने एका वेळी तीन खोकी उचलली. पायरी चढताना वरचे खोके निसटले आणि फरशीवर आपटले. आतून जो आवाज आला, तो ऐकून दुकानातील सर्वांचे हात जागच्या जागी थांबले. खोके उघडले, तेव्हा चोवीस बशांपैकी अकरा बशांचे तुकडे झालेले दिसले.

दुकानाचे धनी संतापले. खोक्याच्या चारही बाजूंना लाल अक्षरांत छापलेला शब्द त्यांनी हमालाला बोट लावून दाखविला. “एवढं मोठं लिहिलंय, दिसत नाही का? हे पैसे तुझ्या हमालीतून जातील.”

हमालाने खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. “शेठ, ते इंग्रजी हाय. आन् ह्यो शिक्का समद्याच खोक्यांवर आसतो. परवा साबणाच्या खोक्यावर बी हाच व्हता.” एवढे बोलून तो पायरी उतरून टेम्पोजवळ जाऊन उभा राहिला. चौदा वर्षे त्या दुकानाचा माल त्यानेच उतरविला होता.

गादीवर बसलेल्या आजोबांनी नातीला जवळ बोलाविले. “काय गं लिहिलंय त्यावर?”

“फ्रॅजाइल, आजोबा.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे नाजूक.”

“नाजूक तर तुझ्या आजीची पैठणीही आहे. ती हातातून पडली तर फुटेल का?”

नात निरुत्तर झाली. आजोबांचा प्रश्न मात्र शब्दाच्या मर्मावर बोट ठेवणारा होता. ‘फ्रॅजाइल’ या शब्दाला मराठीत सर्रास ‘नाजूक’ म्हटले जाते. व्यवहारात ते चालूनही जाते. तथापि या दोन शब्दांतील अंतर ओळखले नाही, तर वस्तूचीही हानी होते आणि माणसाचीही.

लॅटिन भाषेत ‘फ्रांगेरे’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ मोडणे, फोडणे. त्यापासून ‘फ्रागिलिस’, म्हणजे सहज मोडणारे, हे विशेषण झाले आणि तेच इंग्रजीत ‘फ्रॅजाइल’ झाले. इंग्लंडमध्ये त्याचा उच्चार ‘फ्रॅजाइल’ असा होतो, तर अमेरिकेत ‘फ्रॅजल’ असा. दोन्ही शुद्धच आहेत. या शब्दाचे कुटुंब मोठे असून त्यातील बरेच सदस्य मराठी घरांच्या ओळखीचे आहेत. हाड मोडले की डॉक्टर ‘फ्रॅक्चर’ म्हणतात. शाळेतील अपूर्णांक म्हणजे ‘फ्रॅक्शन’, पूर्णाचा मोडून काढलेला भाग. तुकडा म्हणजे ‘फ्रॅगमेंट’. एखाद्याने दुसऱ्याचा ट्रेडमार्क वापरला, तर वकील ज्याला ‘इन्फ्रिंजमेंट’ म्हणतात, तेही याच मुळाचे. तेथे मोडला जातो तो हक्क.

गंमत अशी की, संस्कृतातून मराठीत आलेल्या ‘भंग’ या शब्दाने हाच सारा संसार स्वतंत्रपणे मांडलेला आहे. हाड मोडले तर अस्थिभंग, नियम मोडला तर व्रतभंग, कायदा मोडला तर कायदेभंग आणि जे मोडणारच आहे ते भंगुर. तेव्हा ‘फ्रॅजाइल’ला शब्दाच्या घडणीनुसार सर्वांत जवळचा मराठी शब्द ‘नाजूक’ नसून ‘भंगुर’ हा आहे. बारा अनुप्रेक्षांपैकी पहिल्या, अनित्य भावनेच्या विवेचनात ‘क्षणभंगुर’ हा शब्द ज्यांनी लहानपणापासून ऐकला आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. याच ‘भंग’ शब्दाच्या मागे एक अक्षर लागले की ‘अभंग’ होतो. मोडनिंबहून पंढरपूर जवळ आणि संत सावता माळी यांची समाधी असलेले अरण तर अगदी शेजारी. जे भंगत नाही, त्याचे नाव या परिसराच्या रोजच्या बोलण्यात आहे.

आता ‘फ्रॅजाइल’च्या शेजाऱ्यांकडे वळू. ‘डेलिकेट’ हा शब्द लॅटिनमधील ‘डेलिकातुस’ या शब्दापासून आला. त्याच्या मुळाशी मोडणे नाही. सुखद, विलासी, इंद्रियांना रिझविणारे असा भाव आहे. म्हणून तलम वस्त्र ‘डेलिकेट’, मंद सुगंध ‘डेलिकेट’, बारीक कलाकुसर ‘डेलिकेट’ आणि खास पक्वान्नाला तर ‘डेलिकसी’ असेच म्हणतात. पैठणी ‘डेलिकेट’ आहे. ती पडली तर फुटणार नाही, ओढली तर तिचा धागा निघेल. फारसीतून मराठीत आलेला ‘नाजूक’ हा या ‘डेलिकेट’चा सख्खा भाऊ होय. दोघांनाही सौंदर्याचा स्पर्श आहे, आणि जपून बोलावयाच्या गोष्टीलाही दोघे चालतात : ‘डेलिकेट मॅटर’ म्हणजे नाजूक बाब. मात्र वृत्तपत्रात ‘प्रकृती नाजूक’ असे वाचले की घर हादरते, आणि सोयरिकीच्या बोलण्यात ‘मुलगी नाजूक आहे’ असे म्हटले की तीच प्रशंसा ठरते. शब्द एकच असला, तरी त्याचे वजन ठिकाणावर ठरते.

‘ब्रिटल’ म्हणजे ठिसूळ. जे वाकत नाही आणि म्हणून एकदम तुटते, ते ठिसूळ. शेंगदाण्याच्या चिक्कीला इंग्रजीत ‘पीनट ब्रिटल’ म्हणतात, हे लक्षात ठेवले की या शब्दाचा अर्थ कधी विसरत नाही. ‘मोडेन पण वाकणार नाही’ असे अभिमानाने सांगणारा मनुष्य स्वतःला पोलादी समजत असतो. भाषेच्या हिशेबाने तो ठिसूळपणाचीच व्याख्या सांगत असतो. ‘फ्लिम्झी’ म्हणजे तकलादू. येथे दोष वस्तूच्या प्रकृतीचा नसून घडणीचा असतो. चिनीमातीचा कप भंगुर आहे, पण तकलादू नाही. पातळ पत्र्याची बादली तकलादू आहे, पण भंगुर नाही. ‘फ्रेल’ हा ‘फ्रॅजाइल’चाच भाऊ, जुन्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आलेला. तो बहुधा माणसाच्या देहासाठी वापरतात. वार्धक्याने कृश झालेल्या आजींना ‘फ्रेल’ म्हणावे. कोवळ्या पानाला आणि कोमल मनाला ‘टेंडर’ म्हणावे. व्यापाऱ्याच्या परिचयाचे टेंडर, म्हणजे निविदा, हा मात्र निराळ्या मुळाचा शब्द. रूप एक झाले म्हणून दोघांचे कूळ एक होत नाही.

यातील भेद व्यापाराला उपयोगी पडणारे आहेत. खोक्यावर ‘डेलिकेट’ लिहिले, तर हमालाने काय करावयाचे हे कळत नाही. ‘फ्रॅजाइल’ म्हटले की कळते, आपटू नये. ‘फ्रॅजाइल’ या शब्दात वस्तूची निंदा नाही. हा माल कमअस्सल आहे असे तो सांगत नाही. उलट बहुधा तो मोलाचा आहे, तो मोडला तर पूर्ववत होणार नाही आणि त्याचे भवितव्य हाताळणाऱ्याच्या हाती आहे, एवढेच तो सांगतो. म्हणूनच त्याच्यापुढे ‘हँडल विथ केअर’ ही सूचना येते. एक शब्द वस्तूचे वर्णन करतो, दुसरी सूचना माणसाचे कर्तव्य सांगते.

पुढे या शब्दाने खोके सोडले आणि तो मोठ्या जगात गेला. उभ्या उंचीवरून किंवा त्याहूनही कमी उंचीवरून पडून हाड मोडले, तर वैद्यकशास्त्र त्याला ‘फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर’ म्हणते. निरोगी हाड एवढ्याशा पडण्याने सहसा मोडत नाही. म्हणून घरातील वृद्ध स्त्री न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडले, तर केवळ प्लास्टर घालून थांबू नये, हाडांच्या विरळपणाची तपासणीही करून घ्यावी. अर्थकारणातही हा शब्द गाजला. ऑगस्ट २०१३ मध्ये मॉर्गन स्टॅनली या वित्तसंस्थेने ब्राझील, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान आणि भारत या देशांना मिळून ‘फ्रॅजाइल फाइव्ह’ असे म्हटले. त्याच महिन्यात एका डॉलरला ६८ रुपयांहून अधिक मोजावे लागले होते. हे पाच देश दरिद्री आहेत, असा त्या नावाचा अर्थ नव्हता. आपली तूट भरून काढण्यासाठी ते बाहेरून येणाऱ्या भांडवलावर फार विसंबून आहेत, असा होता. पेठेला हे लगेच उमगेल. फळ्या मालाने गच्च भरलेल्या, पण सारा माल उधारीचा, असे दुकान दिसावयास श्रीमंत आणि प्रकृतीने भंगुर असते. एक हुंडी परत गेली, की पतीला तडा जातो. पत हीदेखील चिनीमातीच्या जातीचीच. जोडली तरी सांधा दिसतो.

या शब्दाच्या विरुद्धार्थी कोणता शब्द घ्यावा, असा प्रश्न नसीम निकोलस तालेब या लेखकाने २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अँटिफ्रॅजाइल’ या ग्रंथात उपस्थित केला. भंगुरच्या उलट मजबूत असे बहुतेक जण म्हणतील. तालेब म्हणतात, तसे नव्हे. मजबूत वस्तू आघात केवळ सहन करते, तर खरी विरुद्ध वस्तू आघाताने अधिक सुधारते. हे तत्त्व माढा तालुक्यातील बागाईतदाराला पुस्तक न वाचता ठाऊक आहे. डाळिंबाचा बहार धरावयाचा, तर बागेचे पाणी तोडून झाडांना ताण द्यावा लागतो. ताणाने पाने गळतात, मग छाटणी होते आणि पुन्हा पाणी सुटले की झाड फुलांनी भरते. बोरीची उन्हाळ्यात कठोर छाटणी केली, तरच नव्या फांद्यांवर चांगली बोरे लागतात. पण याच डाळिंबाच्या फळाला पाण्याची अनियमितता सोसत नाही. कोरड पडून एकदम भरपूर पाणी मिळाले, की टणक दिसणारे फळ तडकते. झाडाला जो ताण मानवतो, तो फळाला मानवत नाही. माणसांचेही असेच आहे. कष्टाने मुलगा घडतो हे खरे. म्हणून कोणत्याही वयाच्या, कोणत्याही मनःस्थितीतील मुलाला कितीही ताण द्यावा, असे त्यावरून ठरत नाही.

मराठीने मोडण्याविषयी एक वेगळीच सभ्यता जपली आहे. बांगडी ‘फुटली’ असे जुन्या बायका म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. नारळ फोडावयाचा नसतो, ‘वाढवावयाचा’ असतो. जुने व्यापारी संध्याकाळी दुकान बंद करीत नसत, ‘वाढवीत’. अशुभ उच्चार टाळण्याची ही रीत असली, तरी तिच्यात एक समजूत आहे : जे मोडते त्याचा उल्लेखही हळुवारपणे करावा. शिवाय ‘मोड’ हा शब्दच पाहावा. मोडणे म्हणजे तुटणे. मटकीला येतो तोही मोड. आणि पाचशेची नोट पुढे करून गिऱ्हाईक मागते तीही मोड. मोडनिंबच्या नावात रोज उच्चारले जाणारे हे अक्षर तुटण्याचे, अंकुरण्याचे आणि सुट्या पैशांचे असे तिन्ही अर्थ एकाच ओटीत घेऊन बसले आहे.

पुन्हा दुकानाच्या पायरीवर यावे. आजोबांनी फुटलेल्या बशांचे खोके स्वतःपुढे ओढून घेतले आणि बांधणी तपासली. बशा एकावर एक आडव्या रचलेल्या होत्या. दोन बशांमध्ये कागदाचा एकच पातळ तुकडा. कडेला चार बोटे मोकळी जागा, तीत काहीही भरलेले नाही. काचसामानाचा जुना व्यापारी बशा कधी आडव्या भरीत नाही. प्रत्येक बशी स्वतंत्र गुंडाळून ती कडेवर उभी ठेवावयाची, सर्व फटी कागदाने किंवा पेंढ्याने भरावयाच्या आणि शेवटी खोके हळूच हलवून पाहावयाचे. आतून आवाज आला तर बांधणी कच्ची. येथे खोके हलविताच न फुटलेल्या बशाही खुळखुळल्या.

कायद्यालाही ही गोष्ट कळते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ९८ प्रमाणे माल सदोष बांधणीत दिला असेल आणि पाठविणाऱ्याने फॉरवर्डिंग नोटमध्ये तशी नोंद केली असेल, तर रेल्वेचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झाल्याखेरीज नुकसानीची जबाबदारी रेल्वेवर येत नाही. म्हणजे ‘फ्रॅजाइल’ हा शब्द छापल्याने पाठविणाऱ्याचे कर्तव्य संपत नाही, तेथून सुरू होते. मोडनिंबच्या जुन्या व्यापाऱ्यांना हे अनुभवाने माहीत होते. कुर्डुवाडी ते पंढरपूर हा बार्शी लाइट रेल्वेचा फाटा १९०६ मध्ये सुरू झाला तो नॅरोगेजचा, अवघ्या अडीच फूट रुंदीचा. मोठ्या गाडीने कुर्डुवाडीला आलेला माल तेथे उतरवून छोट्या गाडीत पुन्हा चढवावा लागे. प्रत्येक खोक्याला दोन हात अधिक लागत. आता ती लाइन ब्रॉडगेज झाली असली, तरी ज्या खोक्याला अधिक हात लागणार, त्याची बांधणी अधिक भक्कम हवी, हा धडा जुना झालेला नाही.

दुसरे कर्तव्य इशारा कळेल असा देण्याचे. मालाच्या खोक्यांवरील चिन्हांसाठी आयएसओ ७८० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात भंगुर मालासाठी दांडीच्या पेल्याचे चित्र आहे, वरची बाजू दाखविण्यासाठी दोन बाण आहेत आणि ओलाव्यापासून जपण्यासाठी छत्री. ही चित्रे योजण्याचे कारण साधे आहे. माल जेथून निघतो तेथील भाषा तो जेथे पोहोचतो तेथील हमालाला येईलच असे नाही. त्या खोक्यावर शब्द होता, पण पेला नव्हता. आणि साबणाच्या खोक्यावरही तोच शिक्का असेल, तर शब्द जाणणाऱ्याचाही त्यावरचा विश्वास उडतो. सगळेच जपावयाचे असे सांगितले, की काहीच जपले जात नाही.

तिसरे कर्तव्य हाताचे. ते हमालाचे होते आणि तो चुकला होता. तीन खोकी एकदम उचलावयास नको होती. तथापि तीन कर्तव्यांपैकी दोन ज्यांची होती, त्यांनी सारा दोष तिसऱ्याच्या माथी मारला, तर तो न्याय होत नाही.

जैन घरांत ‘हँडल विथ केअर’ ही सूचना इंग्रजी छपाईच्या कितीतरी आधीपासून नांदते आहे. पाच समित्यांतील आदाननिक्षेपण समिती म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा रीतीने वागणे. मुनी जागा पिच्छीने झाडून मगच कमंडलू ठेवतात. खोक्यावरच्या सूचनेत आणि या समितीत एक मोठा फरक आहे. खोक्यावरची सूचना म्हणते, ही वस्तू मौल्यवान आहे, म्हणून जपा. समिती वस्तूची किंमत विचारतच नाही. ती फक्त उचलणाऱ्या हाताकडे पाहते. आणि तिच्या आधी येते भाषा समिती. म्हणजे शब्दही पाहून, जपून ठेवावयाचा असतो.

“अण्णा, मग नुकसान कोणी सोसायचं?” धन्यांनी विचारले.

“बांधणी ज्यानं केली त्याला आजच पत्र टाक, फोटो पाठव. त्यानं भरून दिलं तर दिलं, नाही तर दुकान सोसेल. त्याच्या हमालीला हात लावायचा नाही. एका वेळी दोनच खोकी उचल, एवढं त्याला सांग.” आजोबा थोडे थांबले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “क्षमावाणीला तू पेठेतल्या झाडून साऱ्या व्यापाऱ्यांची क्षमा मागून आलास. याची मागितली होतीस का?”

धन्यांनी उत्तर दिले नाही. ते काही वेळ हिशेबाच्या वहीत पाहत बसले. मग उठले, चपला घातल्या आणि टेम्पोजवळ गेले. काय बोलणे झाले ते दुकानात ऐकू आले नाही. हमालाने टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला, एवढे दिसले.

उरलेली खोकी तो दोन-दोन करून उतरवू लागला. नातीने गल्ल्यातून जाड मार्कर घेतला, प्रत्येक खोक्यावर पेल्याचे चित्र काढले आणि त्याखाली मोठ्या मराठी अक्षरांत लिहिले : ‘आत काच आहे. जपून ठेवा.’ साबणाच्या खोक्यावर तिने काहीच लिहिले नाही.